बोगद्यातलं गाऱ्हाणं

परळच्या आमच्या गिरणीत बॉयलरपासून रंगखात्यापर्यंत वाफेचे पाइप नेणारा काँक्रीटचा बोगदा होता आणि तो बारा महिने गळायचा. मी नवा ओव्हरसियर, नोकरी कच्ची. मॅनेजर म्हणाले, बोगदा कोरडा झाला तर नोकरी पक्की करतो, नाहीतर घरी बसा. इकडे गिरगावात आईने नोकरी पक्की झाल्याचे पेढे वाटूनही टाकले होते!

मी म्हटलं, "भिंतीला डांबरी कापड लावू, पण मागचं पाणी गटारात उतरायला खाली भोकं ठेवू." आज बोगद्यात प्लास्टिकच्या चादरीमागे जिओटेक्स्टाईल नावाचं जाड कापड घालतात ते त्याचसाठी, पाण्याला वाट मिळावी म्हणून. मॅनेजर उखडले. "बोगदा करायचाय की चाळणी?" गिरणीचंच कापड डांबरात बुडवून त्यांनी भिंतींवर गच्च ठोकून घेतलं. थोड्याच दिवसांत कापडाला ही ढेरी सुटली! मॅनेजर म्हणे, आत हवा आहे.

फिटर सगळे मालवणकडचे. जागेवाल्या देवाला न विचारता भिंत झाकली त्याचं हे फळ, असं त्यांचं ठाम मत. मग ढेरीखाली नारळ ठेवून म्हातारा फिटर गाऱ्हाणं घालायला उभा राहिला.

"बा जागेवाल्या म्हाराजा, ह्या पाण्याक वाट दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांच्या आवाजाने बोगदा घुमला.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. कोकण कधी न पाहिलेल्या मॅनेजरना वाटलं, जमिनीखाली मोर्चा निघाला. त्यांनी फाटकावरचा पोलीस जमादार पाठवला. तो लाठी उगारून उतरला, दोन शब्द ऐकले, टोपी काढली आणि हात जोडून रांगेत उभा राहिला. तोही कणकवलीचाच निघाला.

"मुंबय म्हाराष्ट्राक मिळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमादाराचा आवाज जरा दबका आला, पण आला.

"ह्या पोराची नोकरी पक्की होऊंदे रे म्हाराजा!"

मला भडभडून आलं. देवाधर्माशी माझं फारसं जमत नाही, पण मीही बेंबीच्या देठापासून ओरडलो.

तेवढ्यात मॅनेजर तरातरा खाली आले. "कुठंय पाणी? दाखवा!" म्हणत त्यांनी ढेरीत छत्रीचं टोक खुपसलं. डांबर मिसळलेलं काळं पाणी धो धो त्यांच्या अंगावर आलं. नखशिखांत भिजलेले मॅनेजर माझ्याकडे बोट करून गरजले, "हा माणूस उद्यापासून गिरणीत दिसता कामा नये!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका तालात ओरडले. त्यात मीही होतो.