पुनर्विकासाच्या व्हिडिओला आवाज

एप्रिलचा पहिला रविवार. प्रश्न चार हजार रुपयांचा. हजर: सोसायटीचे सेक्रेटरी, बिल्डरचा माणूस, मी आणि माझी पत्नी.

डोंबिवलीतली आमची इमारत पाडून नवी बांधायची होती. बिल्डरने नव्या घरांचा अ‍ॅनिमेशन व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता. आमचं घर पत्नीच्या नावावर आहे आणि काचबिंदूने तिची नजर पूर्ण गेली आहे. व्हिडिओत बोलणं नव्हतंच. मापं पडद्यावर लिहिलेली, मागे सतार. तिने शेवटपर्यंत सतार ऐकली, व्हिडिओत काय दिसतं त्याचं बोलून वर्णन जोडा म्हणाली आणि तोवर संमतीची सही थांबवली.

सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, साहेबांनी बघितलंय ना सगळं?"

"मग साहेबांचीच सही घ्या."

बिल्डरचा माणूस म्हणाला, "वर्णन रेकॉर्ड करून जोडायला स्टुडिओ चार हजार घेईल. एका मेंबरसाठी एवढं?"

"अडलंय ते एकाच मेंबरपाशी ना?"

मी निम्मे द्यायला तयार झालो. ती माझ्यावरच उखडली. "बाकीच्यांकडून व्हिडिओचे पैसे घेतलेत का यांनी?"

पैशांचं तिथेच राहिलं. मजकूर मात्र मी लिहायला घेतला. सतारीच्या वेळात बसतील अशी वाक्यं केली, एकही माप सोडलं नाही. तिला वाचून दाखवलं.

"अहो, फरशीवाल्याला द्यायचंय का हे? दारातून आत आले की स्वयंपाकघर कुठल्या हाताला?"

मला सांगता येईना. व्हिडिओ पुन्हा लावला. कॅमेरा प्रत्येक खोलीत भिंतीतूनच शिरत होता. दारं कुठे आहेत हे मी इतक्यांदा बघूनही मला माहीत नव्हतं. सेक्रेटरींना फोन केला; त्यांनाही नव्हतं, आणि त्यांची सही झालेली होती.

बिल्डरकडून नकाशा मागवला आणि मजकूर दारापासून पुन्हा लिहिला: डाव्या हाताला स्वयंपाकघर, समोर हॉल, एक पायरी चढून बाथरूम.

बिल्डरने स्टुडिओतून करून घेतलेलं रेकॉर्डिंग आल्यावर तिने एकटीनेच ऐकलं, मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग म्हणाली, "बाथरूमची पायरी काढायला सांगा. तसं लेखी द्या म्हणावं, मग सही."

तसं लेखी आलं. मी वाचून दाखवलं, तिने सही केली. स्टुडिओला चार हजार रुपये बिल्डरने दिले. आमच्याकडून काही गेलं नाही.