भात्यावरची बाई

"थांब, पुसते," म्हणाली आन् तिनं पदराचं टोक घेऊन पेटीची पट्टी पुसली. एकच पट्टी. माझं बोट जिला लागलं होतं, तेवढीच.

सगळ्या बाया बघत होत्या. बजाजनगरातलं आमच्या गल्लीचं महिला भजनी मंडळ, बुधवारची बैठक, आन् पुसणारी वहिनी म्हणजे मंडळाची पेटीवाली. तिचा नवरा कंपनीत सुपरवायझर. माझा नवरा त्याच्याच हाताखाली मशीनवर.

"तू आपला भाता मार गं," वहिनी हसत म्हणाली. "मेंढरं वळणाऱ्या हाताला तेवढंच जमतं."

बाया हसल्या. मीबी हसले. मेलं, लाज वाटली की मला हसूच येतं.

भाता पेटीच्या मागच्या अंगाला असतो. तो हलवला की पेटीत हवा भरती, तवा सूर निघतो. पेटीवाले एका हातानं भाता मारतात, दुसऱ्यानं वाजवतात. वहिनीला मात्र दोन्ही हातांनी वाजवायची हौस. म्हणून भात्यावर मला बसवलेली. ती लोकांकडं तोंड करून बसणार, मी तिच्या समोर. लोकांना माझी पाठ.

आमचं गाव वैजापूरकडं. पाऊस दोन-तीन सालं असा रुसला, की मेंढरांला चारा नाय न् पाणी नाय. सासऱ्यानं कळप विकला, आमी वाळूजला आलो. इथं घरावर घर चढत होतं, नवीन बिल्डिंगी उठत होत्या, पण पाण्याला आमी टँकरच्याच मागं. मंडळात गेले ते जरा गाणं कानावर पडंल म्हणून. सतरंजी अंथरायचं काम माझ्याकडं आलं. म्हणजे मंडळाच्या खोलीची चावीबी माझ्याकडं.

मग मी लवकर जायला लागले. पेटीवरचं फडकं काढायचं, डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. शिकवणारं कोण? कोणी नाय. शेजारशेजारच्या दोन पट्ट्या दाबल्या तर टँकरवर दोन बाया भांडाव्या तसा आवाज आला. मी एकटीच खदखदून हसले.

मला एकच गोष्ट शोधायची होती. माझ्या बापाची शीळ. लांब गेलेली मेंढरं तो शिळंनं माघारी बोलवायचा. शीळ वर चढायची, तिथंच थरथरायची, मग एकदम खाली यायची. चढ सापडला. उतार सापडला. थरथर काय पट्ट्यांत सापडंना. एक दिवस वैतागून भाता असा हलका हलका झटकला, तर सूर थरथरला! अगं बाई गं, अंगावर काटाच आला. बाप खोलीत येऊन उभा राहिला म्हणा ना.

तेच दाखवायला गेले होते त्या बुधवारी. "वहिनी, हे बघा ना," म्हणून पट्टीवर बोट ठेवलं. पुढचं सांगितलंच.

त्या दिवसापासून मी जळायला लागले. खोटं कशाला बोलू? तिच्या घरच्या नळाचं, गळ्यातल्या सोन्याचं मला काय नव्हतं. तिच्या बोटांवर जळायचे. हवा माझी, घाम माझा, आन् "वा वहिनी" तिला. तिची बोटं दारात चेमटावी असंबी मनात आलं. भजन चालू असताना आलं.

मग शहरात, औरंगपुऱ्यात, भजनाची स्पर्धा ठरली. मंडळानं सगळ्यांना एका रंगाच्या साड्या घेतल्या. वाटताना वहिनी माझ्यापाशी थांबलीच नाय.

"माझी?"

"तुला कशाला? लोकांना तुझी पाठच दिसणार. घरातलीच नेस एखादी."

घरातलीच नेसून गेले.

हॉल भरलेला. पुढं बसून वहिनी रंगात आली, दोन्ही हात पट्ट्यांवर पळत होते. बाया माना डोलवत होत्या. गवळण मधोमध आली आन् मी भात्यावरचा हात काढला.

सूर बारीक झाला. मग गेला. वहिनी पट्ट्या दाबतीया, दाबतीया, नुसतं टकटक.

"अगं मार ना!" दातओठ खात म्हणाली.

"नाय मारत."

"काय झालं तुला?"

"तुमाला हात हायेत की."

मी पेटी धरली आन् गर्रकन माझ्याकडं फिरवली. डावा हात भात्यावर. बापाची शीळ वाजवली. पहिल्यांदा चुकली. मागं कोणतरी फिसकन हसलं. परत वाजवली. ह्या बारीला चढली, थरथरली, खाली आली. तेवढ्यात वहिनीनं पेटी ओढून घेतली.

रात्री नवरा म्हणाला, "जाऊन पाया पड तिच्या. साहेबानं मनात धरलं तर मला उद्या गेटवरनंच माघारी लावंल." त्याला भ्या वाटतं. मलाबी वाटतं. चूल दोघांचीच हाय.

पण पाया नाय पडायची. जळते अजून, कमी झालेलं नाय. होऊबी नये. विझले तर परत भात्यावर जाऊन बसंन.

उद्या बुधवार. मी जाणार. पट्ट्यांच्या बाजूला बसणार. हाकलली तर पुढच्या बुधवारी परत जाईन. डावा हात भात्यावर ठेवीन, पण उजवा पट्ट्यांवर असंल तरच. नायतर बसा म्हणावं टकटक करत.