मनुकांचा वास

दादाला मातीआड करून आलो त्याच आठवड्यातल्या शनिवारी सून चर्चमधल्या प्रभुभोजनासाठी मनुका उकळत होती. त्या आंबटगोड वासानं मला आईच्या चुलीपुढं नेऊन बसवलं.

तोही शनिवार होता. रविवारच्या प्याल्यासाठी द्राक्षारसाच्या जागी मनुकांचा रस आईच करायची. भावाशी अबोला असेल तर प्याला घ्यायचा नाही, अशी आमची रीत. दादा आईला सोडून औरंगपुऱ्यात वेगळा राहायला गेल्यापासून मी त्याच्याशी बोलत नव्हतो.

"जा की आत्ता त्याच्याकडं," रस गाळता गाळता आई म्हणाली.

"देवाची मर्जी असंल तर जाईन."

"देवाची मर्जी शास्त्रात लिव्हलीय, शान्या. तुझी सांग."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्याला आला, तो मी तसाच पुढं दिला. दादा बाकावर माझ्यापुरती जागा ठेवून बसला होता.

पुढं बोललो, ते लग्नकार्यापुरतंच. आमचा समेट होऊ दे, अशी प्रार्थना मात्र मी रोज करत राहिलो. तिलाच मी श्रद्धा समजत होतो. देव जवळ होता, यात मला आजही शंका नाही. औरंगपुऱ्यापर्यंत चालत जाणं तेवढं त्यानं माझ्यावर सोडलं होतं.