खुर्ची न लाभणारं घराणं

आमच्या खालच्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांना सगळे टेकूताई म्हणतात. कुणाकडेही गेल्या की "बसत नाही हं, टेकते जरा," म्हणायचं आणि खुर्चीच्या अगदी काठावर अर्ध्या अंगाने टेकायचं, ही त्यांची जन्माची खोड. आमच्या सोफ्याला त्यांची पाठ लागलेली मी कधी पाहिली नाही. देवापुढे मात्र ऐसपैस मांडी घालतात. संध्याकाळी मी दिवा लावते तेव्हा कधीकधी येऊन बसतात. एकदा मी त्यावरून चिडवलं, तर म्हणाल्या, "इथून कोण उठवतंय, वहिनी?"

त्यांचे वडील एका बंगल्यावर दरवान होते. परक्याच्या घरी बसायचं नाही, टेकायचं, म्हणजे 'ऊठ' ऐकायची पाळी येत नाही, ही त्यांची शिकवण. लेकीने ती दागिन्यासारखी जपली.

गल्लीच्या टोकाला गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे. तिथे त्या मशीनवर काम करत. वाकून वाकून कंबर कामातून गेली. डॉक्टरांनी बजावलं, मशीन सोडा, नाहीतर अंथरूण धराल. मशीन सोडायचं तर खायचं काय? नेमक्या त्याच सुमारास कापड बेतणाऱ्या मोठ्या बाई काम सोडून लेकाकडे राहायला गेल्या, आणि मालकीणबाईंनी टेकूताईंना बोलावून सांगितलं, "आता त्यांची खुर्ची तुमची." बेतायचं, बायकांना काम वाटून द्यायचं, झालेलं तपासायचं. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत. आणि या बाई "विचार करून उद्या सांगते" म्हणून घरी आल्या!

घरी म्हणजे आधी आमच्याकडे. सासूबाई मटार सोलत होत्या. टेकूताई टेकल्या.

"नको म्हणून सांगणार आहे."

"अहो, पण का?" मी विचारलं.

"आमच्या घराण्याला खुर्ची लाभत नाही, वहिनी. आजोबा गिरणीत हमाल होते, अगदी धट्टेकट्टे. मुकादम केलं, खुर्ची दिली, अन् वर्ष सरायच्या आत गेले. काका कचेरीत खुर्चीवर चिकटले, तर पहिल्याच कपातीत घरी. आता मी कशाला विषाची परीक्षा घेऊ?"

"खरंय बाई," सासूबाई म्हणाल्या. "नशिबात असतं तेवढंच पदरात पडतं."

दोघी माना डोलावू लागल्या. नशिबाने एकीला ओंजळ भरून दिलेलं, दुसरीला चिमटीने. पण नशिबाबद्दल दोघींचं एकमत! देवाला मीही मानते. पण या बाईची कंबर मोडली तरी चालेल, खुर्ची मात्र नको, असं तो म्हणेल हे काही मला पटेना.

"आपल्या भावोजींचे तर तीन धंदे बुडाले," माझ्या तोंडून निघून गेलं.

सासूबाईंचा हात थांबला. "त्याचे ग्रह वाईट होते तेव्हा. आता बसतोय जम. धंदा रक्तातच आहे आमच्या!"

टेकूताई खुदकन हसल्या. "कमालच आहे, आजी. तुमच्याकडे बुडालं की ग्रह बदलायची वाट बघतात, आमच्याकडे बुडालं की घराणंच बाद!"

टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नाही. त्या आपल्या गमतीने बोलल्या. पण सासूबाईंच्या हातून एक मटार घरंगळत सोफ्याखाली गेला, तो शोधायच्या निमित्ताने त्या बराच वेळ वाकून राहिल्या. मटार काही मिळाला नाही.

"काय गं," त्या सरळ होत म्हणाल्या, "कापड बसून बेततात की उभ्याने?"

"उभ्यानंच. टेबल केवढं लांब असतं, बसून हात कसा पुरायचा?"

"आणि कात्री बाधली होती का तुझ्या आजोबांना?"

"कात्री? ती कुठून येणार त्यांच्या हातात?"

"मग झालं तर! खुर्ची लाभत नाही ना, ती दे भिंतीला लावून. कात्री घे."

टेकूताई हसतील असं मला वाटलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग उठल्या, आत देवापुढे जाऊन मांडी घालून बसल्या, त्या चांगल्या घटकाभर.

परवा लेकीचा गणवेश सैल करायला टाकायचा होता म्हणून कारखान्यात गेले. टेकूताई टेबलाशी उभ्या, गळ्यात टेप, कंबर ताठ. मोठ्या बाईंची खुर्ची भिंतीशी ठेवलेली. जिची पाठ दुखेल तिने तिथे बसायचं, असा त्यांनीच नियम केलाय. एक नवी बाई तिच्या काठावर बिचकत टेकली होती. टेकूताई कात्री न थांबवता तिच्यावर ओरडल्या, "अगं, मागे सरकून नीट बस की! खुर्ची आहे ती, तापलेला तवा नाही."

"आणि तुम्ही कधी बसणार?" मी हळूच विचारलं.

"मी आपली उभीच बरी, वहिनी," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातला गणवेश घ्यायला खुर्चीला लांबून वळसा घालून आल्या.