गुळगुळीत गल्ली आणि आमची म्हैस

रस्ता सुधारणेसाठी बेळगावातली आमची गल्ली निवडली गेली, तेव्हा सर्वांत जास्त आनंद आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना झाला. आम्ही गवळी. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यानं पळवायची आमची रीत, आणि दरवर्षी गटाराच्या पाण्यानं सगळा साज बरबटायचा. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली, म्हणून बैठकीत आप्पांचं म्हणणं महापालिकेच्या साहेबांना कन्नडमध्ये सांगायचं काम माझ्यावर आलं. मी जमेल तितक्या नम्रपणे सांगितलं, "रस्ता अगदी गुळगुळीत करा."

त्यांनी खरोखरच केला. चकचकीत फरशी आली, बाकं आली, शोभेचे दिवे आले. कोपऱ्यावरच्या भिंतीवर सजवलेल्या म्हशीचं भलंमोठं चित्र आलं आणि त्याखाली 'आपली परंपरा' असं कन्नडमध्ये लिहिलं गेलं.

परंपरेनं पहिल्याच दिवशी फरशीवर एक खूर टाकला. तो सर्रकन घसरला. ती मागं सरली ती गोठ्यातच राहिली. आमच्याकडे एवढी एकच म्हैस उरली होती.

"पाडव्याला भाईर न्हाय पडली तर कडोलीला तुझ्या मामाच्या गोठ्यात सोडायची," आप्पा म्हणाले. "बांधून ठेवून जनावर जगत न्हाय."

पाडव्याला तिची शिंगं रंगवली, मोरपिसं बांधली, गळ्यात कवड्यांची माळ घातली. ती दारात येऊन थांबली.

"चल गं बाई," आप्पा म्हणाले. ती हलली नाही.

समोरचे अण्णा नव्या बाकावर ऐसपैस बसले होते. "आप्पा, भिंतीवरची न्या की! ती घसरत न्हाय."

"व्हय, आन् उद्या च्याला दूध तिचंच काढ!"

आई गोठ्यात गेली आणि शेणाची पाटी घेऊन आली. "बघतीस काय गं? सारव."

मी इस्त्रीच्या ड्रेसची ओढणी खोचली. हळूहळू बाकीच्या गवळ्यांच्या बायकाही पाट्या घेऊन आल्या. सारवून वर पेंढा पसरला, तेव्हा गल्ली जवळजवळ पूर्वीसारखी दिसू लागली. म्हशीनं वास घेतला, एक पाय टाकला, मग दुसरा. आप्पा हाळी देत पुढं पळाले आणि ती त्यांच्यामागं.

तेवढ्यात फोटोग्राफर घेऊन साहेब आले. म्हैस पाहून खूश झाले, मग त्यांची नजर खाली गेली. फोटोपुरतं एवढं साफ करा, असं त्यांनी मला सांगितलं. मी आप्पांना सांगितलं.

"सांग त्यास्नी, शेण काढलं की म्हस घरात."

मी याचं बरंच सौम्य भाषांतर केलं. साहेबांनी थोडा विचार केला आणि फोटोग्राफरला कॅमेरा वर धरायला लावला.

तो फोटो आता त्यांच्या कार्यालयात लावलाय. त्यात शिंगं आहेत, मोरपिसं आहेत, आप्पांचा फेटा आहे. म्हशीला पाय तेवढे नाहीत. आप्पांना मी तो मुद्दाम दाखवायला नेलं. त्यांनी बराच वेळ पाहिला.

"झ्याक आलीया," ते म्हणाले. "चल लौकर. सांजचं तिला भाईर काढायचंय, अजून सारवायचं हाय."