भाडेकरू न्हाईत, पावणं हायत

बेल्ह्याच्या बाजारतळामागं मी भाड्यानं द्यायला चार खोल्या बांधल्या, तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. घरमालक झालो म्हणून काय तोरा मिरवत होतो मी! पुढं वरचा मजला चढवायचाच होता, म्हणून कॉलमच्या सळया तशाच उभ्या ठेवल्या आणि गच्चीच्या जिन्याला कठडा केला नाही. बायको सारखी मागं लागायची, "आवं, निदान लोखंडी पाईप तरी लावा." मी म्हणायचो, "मजला झाला की एकदमच बसवू. दोनदा खर्च कशाला?" निम्म्या गावाचे जिने असेच होते, त्यामुळे मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

पहिलं बिऱ्हाड आलं ते मढचं. नवरा-बायको दोघंच. तो दूध डेअरीत कामाला लागला होता. "भाऊ, करारनामा करायचा का?" असं त्यानंच विचारलं. मी हसलो. "पावण्याकडनं कागद लिहून घेत्यात व्हय, राव?" भाडेकरूला तोंडावर भाडेकरू म्हणायला आमची जीभ रेटत नाही. पावणं म्हणायचं आणि शब्दावर किल्ली हातात द्यायची. दोन वर्षं झकास गेली. त्याची बायको तर माझ्या बायकोची पाठची बहीणच होऊन बसली.

एका उन्हाळ्यात ती कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेली. उतरताना हातात रिकामी परात होती. पाय सरकला, आणि धरायला काहीच नव्हतं. खाली फरशीवर पाठीवर आपटली. डॉक्टर म्हणाले, कमरेखालचं अंग गेलं, आता ही चालायची नाही.

दवाखान्यातनं पोलिसांना कळवलं गेलं, तसं माझ्या तोंडचं पाणी पळालं. जुन्नरला जाऊन वकील गाठला. त्यानं करारनामा मागितला, विमा आहे का विचारलं. माझ्याकडं यातलं काहीच नव्हतं. "मग बरंच झालं," तो म्हणाला. "भाड्यानं ठेवलंय असं ठरलं, तर कठड्याचा दोष तुमच्यावर येईल, भरपाई द्यावी लागेल. कागद नाहीये ना? मग पाहुणे म्हणून राहत होते, असं सांगा."

हवालदार जबाब घ्यायला आला. मी सांगून टाकलं, "भाडेकरू न्हाईत, साहेब. पावणं हायत." ज्या शब्दात आमची सगळी माया होती, तो मी असा वापरला! मेल्याहून मेल्यासारखं झालं. हवालदारानं तिच्या नवऱ्याला विचारलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "व्हय साहेब," तो म्हणाला, "पावणंच हाय आमी." त्यानं सही केली आणि मी सुटलो. त्यांना भरपाई म्हणून काहीच मिळालं नाही. माझी बायको महिनाभर माझ्याशी बोलली नाही. बरोबरच केलं तिनं.

त्यानं तिला मढला नेलं. पुढच्याच आठवड्यात मी कठडा बसवला. नंतरच्या प्रत्येक बिऱ्हाडाशी स्टॅम्पपेपरवर करार केला, विमाही उतरवला. अक्कल आली, पण कुणाच्या जिवावर? मढला जायचं मात्र धाडस होईना. आज जाऊ, उद्या जाऊ करत तीन वर्षं घालवली.

शेवटी गेलो. तो ओट्यावर बसला होता. "लई उशीर केला, भाऊ," तो म्हणाला. "दिवाळीच्या आदी गेली ती."

मी ओट्याच्या पायरीवर बसलो. रडू आवरेना.

"शेवटाला तुमचंच नाव काढत व्हती," तो म्हणाला.

"शिव्याच देत आसंल रं."

"न्हाई वो. म्हणायची, माज्या येंधळेपणानं त्यांच्या नव्या घराला गालबोट लागलं. भेटलं तर माज्या वतीनं माफी मागा."

आणि त्यानं माझ्यापुढं हात जोडले.