तेल बदलल्यानंतरची टकटक

माझ्या आत्याचे यजमान आणि माझे बाबा मिळून एक गॅरेज चालवतात. तिथे बहुतेक छोटे मालवाहू ट्रक येतात. काकांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, ड्रायव्हर लोक कानसेन म्हणतात, कारण ते बॉनेट उघडण्याआधी दोन मिनिटं नुसते ऐकत उभे राहतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. तोवर आजूबाजूला कुणी बोललेलं त्यांना खपत नाही.

आत्या गेली आणि थोड्याच दिवसांत ते कामावर आले. आणखी थोडं घरी थांबा, असं सगळे म्हणाले. घरी काय करू, एवढंच त्यांनी विचारलं. ते रडले नाहीत, कुणावर चिडलेही नाहीत. आमच्याकडे जेवायला यायचे, वाढलेलं संपवायचे. एकदा आई भाजीत मीठच घालायला विसरली आणि काकांनी ती भाजी मागून दुसऱ्यांदा घेतली. भावोजी, सांगायचं नाही का, असं आईने विचारलं, तर ताटाकडे बघत म्हणाले की लक्षात नाही आलं.

बाबांनी ते ऐकलं आणि तेव्हापासून त्यांच्या मनात पाल चुकचुकत राहिली. ज्याला मिठाचा पत्ता नाही त्याला नट घट्ट बसल्याचा पत्ता लागेल का? हे ते आईशी हळू आवाजात बोलायचे. काकांना सांगायचा धीर त्यांना नव्हता. काका म्हणजे त्यांच्या मोठ्या बहिणीचा नवरा, आणि हातात पाना धरायला त्यांना काकांनीच शिकवलेलं.

त्या आठवड्यात मी रजेवर घरी होते आणि गॅरेजमधला गळका जॅक उघडून बसले होते. दुपारी काचवाला आला. हा खिडक्यांच्या काचा पोचवतो, ट्रकच्या एका बाजूला उभ्या फळ्यांना काचा बांधलेल्या असतात. इंजिन जरा थरथरलं तरी तो थांबून काचा तपासतो. आदल्या दिवशीच त्याने आमच्याकडे तेल बदलून घेतलं होतं.

"काल तेल पाजलंत आणि आज ही दात वाजवतेय," तो खाली उतरत म्हणाला. "काय थंडीबिंडी वाजली का हिला?"

खरंच टकटक येत होती. बारीक, कोरडी, एका लयीत, ॲक्सिलरेटर दाबला की वेगाने. काकांनी स्क्रूड्रायव्हर आणला आणि ऐकत उभे राहिले. खाली क्रँकच्या, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, बाजूला आवाज नव्हता, तो वरून, झडपांच्या झाकणाखालून येत होता. त्यांनी एक्झॉस्टच्या जोडावर बोटं फिरवून पाहिली, कुठून धूर निसटत असला तर तिथे काजळी धरते. काजळी नव्हती. मग काचवाल्याला विचारलं की सकाळी चालू केल्याकेल्या आवाज होता का. तो म्हणाला, अजिबात नव्हता. मोठ्या रस्त्यावर बराच वेळ पळाली, मग सुरू झाला.

हे उलटं होतं. तेल पातळ पडलं किंवा फिल्टर रात्रीतून रिकामा झाला, तर इंजिन सकाळी टकटकतं आणि तेल वर चढलं की गप्प होतं. हे पळाल्यावर बोलायला लागलं होतं.

काकांनी इंजिन बंद केलं, तेल खाली उतरायला थोडा वेळ दिला आणि तेलाची मोजपट्टी ओढली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी पुढे होतं आणि त्यात बुडबुडे होते. एवढं तेल भरलं की खालचा क्रँक फिरताना त्यात बुडतो आणि घुसळून फेस करतो. या इंजिनातले झडपा ढकलणारे टॅपेट आत तेल भरून ताठ राहतात. तेलाऐवजी फेस आला की ते दबतात, ढिले पडतात आणि टकटक करतात.

"दोन लिटर जास्त आहे," काका म्हणाले. "छोटा डबा मी दोनदा ओतला असणार."

हे समजायला आमच्याकडची पद्धत सांगायला हवी. या इंजिनात एक मोठा डबा आणि वरून एक छोटा, दोन लिटरचा डबा तेल जातं. ज्याने जुनं तेल काढायचा खालचा नट उघडला त्यानेच तेल ओतायचं आणि रिकामे डबे ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायचे. गिऱ्हाइकाला कुठलं तेल घातलं ते दिसतं आणि आपल्या माणसालाही काम झाल्याचं कळतं. कुणी कुणाला विचारायचं नाही, सीट बघायची. इतकी वर्षं कधी चूक झाली नव्हती.

काचवाला काचांच्या दोऱ्या चाचपायला लागला. त्याच्या कानावरही आत्याची बातमी होती. काकांनी पट्टी पुसली, परत खोचली.

"धाकट्या, उद्यापासून फोन मी घेतो," ते बाबांना म्हणाले. "पाने तू सांभाळ."

चहा गार झाला म्हणावं, तसं ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग वाकून खालचा नट सैल करायला लागले, जास्तीचं तेल काढायला.

बाबा व्हाइसमध्ये एक लोखंडी पट्टी पकडून कानशीने घासत होते. कानस थांबली नाही. मला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही. तशीही त्यांची काळजी आता मिटली होती. काका स्वतःहूनच बाजूला होत होते आणि कुणाला वाईटपणा घ्यावा लागत नव्हता. तेल घमेल्यात पडत राहिलं. मग कानस थांबली.

"दाजी, तुम्ही एकदाच ओतलंत."

काका ट्रकखालूनच म्हणाले, "मग दुसरा?"

"मी."

बाबांनी सांगितलं ते असं. काल काका हात धुवायला गेल्यावर बाबांनी सीट बघितली. मोठा डबा होता, छोटा नव्हता. काचवाला शेजारीच उभा होता. त्याच्यासमोर पट्टी ओढून तपासलं असतं तर कानसेनच्या कामावर शंका घेतल्यासारखं झालं असतं. तेल ओतणं मात्र उरलेलं काम दिसलं असतं, म्हणून काही न बोलता एक छोटा डबा ओतला आणि रिकामा करून सीटवर ठेवला. काकांचा छोटा डबा कुठे गेला होता? काकांनी विचार केला. बाहेरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकला असेन, म्हणाले. मी जाऊन पाहिलं, तिथेच होता.

"म्हणजे दोघांनी मिळून पाजलीत होय," काचवाला म्हणाला. कुणी हसलं नाही, तोही नाही.

काका बाहेर आले आणि जमिनीवरच बसले.

"माझ्या मागून बघतोस होय. कधीपासून?"

"ताई गेल्यापासून."

"काय काय बघतोस?"

बाबांनी सांगितलं. चाकांचे नट, ब्रेकच्या पिना, पट्टे, सगळंच. काका जेवायला गेले की.

"सैल किती निघाले?"

"एकही नाही."

"मग थांबला का नाहीस?"

"वाटायचं, आज नाही निघाला तर उद्या निघेल."

काकांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं, असं बाबा नंतर आईला म्हणाले. काकांनी नट घट्ट केला, पट्टी पाहिली, काचवाल्याला इंजिन चालू करायला सांगितलं. टकटक होतीच. टॅपेटमधली हवा निघायला वेळ लागतो. काका स्क्रूड्रायव्हर कानाला लावून उभे राहिले आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. आवाज आधी विरळ झाला, मग एकच टॅपेट अधूनमधून वाजत राहिला, मग तोही बंद झाला. काचवाला आपल्या काचा घेऊन गेला.

संध्याकाळच्या आत पोती वाहणारा एक ट्रक आला. त्यालाही तेल बदलायचं होतं. फोन वाजत होता. काका त्याच्याकडे गेले नाहीत. त्यांनी पाना उचलला आणि खाली शिरले. बाबा ट्रकच्या भोवती घुटमळत राहिले.

"फोन घे की," काका खालून म्हणाले.

बाबांनी फोन घेतला. बोलणं संपल्यावर टेबलाशीच बसले, भिंतीकडे तोंड करून. रिसीव्हर कितीतरी वेळ त्यांच्या हातातच होता. काकांनी तेल ओतलं, पट्टी पाहिली, हात धुवायला गेले. बाबा उठले नाहीत. ट्रक फाटकाबाहेर वळला तेव्हा मात्र त्यांनी मान वळवली.

दुसऱ्या दिवशी तो ट्रक तक्रार घेऊन परत आला नाही. बाबा दोनतीनदा रस्त्यावर जाऊन बघून आले. काकांनी ते पाहिलं नाही. ते एका क्लचमध्ये गुंतले होते.